कबूल, पण… : युक्तिवादातल्या कबुलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुले विधी प्रवेश परीक्षा, सीसॅट (नागरी सेवा परीक्षेतली कल चाचणी) किंवा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. उताऱ्याखाली ‘अधोरेखित विधानाची युक्तिवादात काय भूमिका आहे?’ असा प्रश्न आला की निष्कर्ष आणि कारण बहुतेकांना सापडते. घोटाळा होतो तो लेखकाने मध्येच काही मान्य करून टाकलेल्या वाक्यावर. उदाहरणे मुद्दाम शेतातली घेतली आहेत, कारण विषय ओळखीचा असला की लक्ष तर्काकडे राहते.

युक्तिवादात ‘कबुली’ कशाला म्हणायचे?

बोलणारा आपल्याच निष्कर्षाच्या आड येणारी एखादी गोष्ट खरी म्हणून मान्य करतो आणि तरीही निष्कर्ष सोडत नाही, तेव्हा त्या मान्य केलेल्या गोष्टीला कबुली म्हणायचे. यात तीन अटी आहेत. गोष्ट निष्कर्षाच्या उलट दिशेला ओढणारी हवी, ती लेखकाने स्वतः मान्य केलेली हवी, आणि निष्कर्ष शेवटपर्यंत उभा हवा. पहिली अट नसेल तर ते आधारविधान (निष्कर्षाला आधार देणारे कारण) किंवा नुसती माहिती असते. दुसरी नसेल तर ते दुसऱ्याचे मत. तिसरी नसेल तर लेखकाने हार मानली, एवढेच.

एखादे उदाहरण वाक्यावाक्याने उलगडून दाखवाल का?

केळीच्या लागवडीवरचा हा उतारा घ्या:

(१) टिश्यूकल्चरचे रोप कंदापेक्षा महाग पडते, हे खरेच. (२) ते प्रयोगशाळेत तयार होते आणि शेडनेटमध्ये हार्डनिंग करून (बाहेरच्या हवेला सरावून) मगच शेतात येते. (३) पण कंदाच्या बागेत झाडे मागेपुढे निसवतात (त्यांचे घड बाहेर पडतात), त्यामुळे कापणी रेंगाळते. (४) टिश्यूकल्चरच्या बागेत बहुतेक घड एकाच सुमारास तयार होतात. (५) म्हणून ज्याला एकदम ट्रक भरून माल उत्तरेकडे पाठवायचा आहे, त्याने टिश्यूकल्चरच लावावे.

निष्कर्ष (५). त्याला खांदा देणारी वाक्ये (३) आणि (४). (१) ही कबुली: रोप महाग असणे हे टिश्यूकल्चर लावण्याच्या विरुद्ध जाते, लेखकाला ते मान्य आहे, आणि तरी तो ‘लावावे’च म्हणतो.

मुले चुकतात ती (२) वर. ते कारण आहे खरे, पण कशाचे? रोप महाग का, याचे. म्हणजे ते कबुलीचे कारण आहे, निष्कर्षाचे नाही. कागदावर आकृती काढत असाल तर (२) पासून बाण (१) कडे जातो, (३) आणि (४) पासून बाण (५) कडे जातात. (१) पासून (५) कडे साधा बाण काढू नका. तुटक रेघ ओढा आणि तिच्यावर ‘तरीही’ लिहा. उताऱ्यात ‘कारण’ हा शब्द दिसला की ते मुख्य युक्तिवादाचे आधारविधान समजायचे, ही सवय मोडायला ही तुटक रेघ कामाला येते.

परीक्षेत पटकन ओळखण्याची युक्ती?

आधी निष्कर्ष शोधा. त्याशिवाय पुढे जाऊच नका. ‘विरुद्ध’ म्हणायचे तर कशाच्या विरुद्ध, हे आधी ठरायला हवे. मग संशयित वाक्य आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एकदा ‘म्हणून’ घाला, एकदा ‘तरीही’.

‘रोप महाग पडते, म्हणून टिश्यूकल्चर लावावे.’ कान लगेच नको म्हणतो. ‘रोप महाग पडते, तरीही टिश्यूकल्चर लावावे.’ हे बसते. म्हणजे कबुली. आता (४) घ्या: ‘घड एकाच सुमारास तयार होतात, म्हणून लावावे’ बसते आणि ‘तरीही’ विचित्र वाटते. म्हणजे आधारविधान. दोन्ही शब्द विचित्र वाटले तर ते वाक्य बहुधा पार्श्वभूमी असते, उदाहरणार्थ ‘खान्देशात केळीची लागवड मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत होते.’

वाक्य वगळून पाहण्याचीही रीत आहे. आधारविधान वगळले की निष्कर्ष अधांतरी होतो. कबुली वगळली तर निष्कर्षाचा एकही टेकू जात नाही. मात्र या रीतीने कबुली आणि पार्श्वभूमी वेगळ्या होत नाहीत, म्हणून शेवटचा कौल ‘म्हणून–तरीही’चाच घ्या.

मराठीत कबुली कोणकोणत्या शब्दांनी येते?

मराठी याबाबतीत श्रीमंत आहे. उघड रूपे सगळ्यांना माहीत असतात: जरी–तरी, असले तरी, मान्य आहे की, कबूल, हे खरे असले तरी, यात वाद नाही पण, भले. निसटतात ती दबकी रूपे.

क्रियापदाला चिकटलेला ‘-ऊनही’: ‘पाऊस वेळेवर येऊनही पेरा कमी झाला.’ इथे ‘पाऊस वेळेवर आला’ ही अख्खी कबुली एका प्रत्ययात बसली आहे. ‘असतानाही’चे तेच. मग वाक्याच्या शेवटी येणारा ‘खरा’: ‘भाव वाढला खरा, पण तोवर घरात कापूस उरला नव्हता.’ हा ‘खरा’ क्रियापदाप्रमाणे बदलतो, म्हणजे वाढली खरी, झाले खरे, आणि तो दिसला की पुढे ‘पण’ येणार हे धरून चाला. ‘नाही म्हणायला’, ‘एवढे मात्र खरे’, ‘असेना का’ ही बोलीतली रूपे. ‘अर्थात’ बऱ्याचदा निष्कर्षानंतर, शेपटाला कबुली घेऊन येते, आणि उताऱ्याचे शेवटचे वाक्य म्हणजे निष्कर्ष असे धरून चालणारा तिथे फसतो.

अहिराणीत ‘खरं शे, पन…’ म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे कळलेलेच असते. तर्क तोच.

हेच शब्द असून कबुली नसते, असे होते का?

नेहमी. ‘तरी’ तर भारीच फसवा आहे. ‘तरी मी सांगत होतो’, ‘आता तरी ऐक’, ‘कधीतरी’, ‘निदान एक तरी’ यांत कबुलीचा लवलेश नाही. ‘पण’ बोलण्यात ‘सुद्धा’च्या अर्थी येतो: ‘तू पण ये.’ ‘खरं तर’ ऐकायला ‘खरे असले तरी’सारखे वाटते, पण काम उलटे करते. त्यानंतर लेखकाचे स्वतःचे, बहुतेक वेळा मुख्य म्हणणे येते. ‘अर्थात’चा दुसरा अर्थ ‘म्हणजेच’. शब्दाने संशय घ्यायचा, निवाडा चाचणीने करायचा.

‘पण’च्या आधी आणि नंतर काय येते याने खरेच फरक पडतो?

बाजारात उभे राहा आणि ऐका. ‘भरताची वांगी महाग आहेत, पण चव आहे.’ बाई पिशवी उघडते आहे. ‘चव आहे, पण महाग आहेत.’ बाई पुढच्या गाड्यावर निघाली. दोन्हीकडे माहिती तीच, शब्दही जवळपास तेच. ‘पण’च्या अलीकडे जे आले ते कबूल झाले, पलीकडे आले त्याच्या बाजूने माप झुकले. म्हणून निष्कर्ष लिहिलेलाच नसेल, तर ‘पण’च्या पलीकडचे वाक्य कुठे नेते ते पाहा. न बोललेला निष्कर्ष तिकडेच असतो.

‘जरी–तरी’ उलटे लिहिले तरी बाजू बदलत नाहीत: ‘चव आहे, जरी वांगी महाग असली तरी’ यातही महागाईच कबूल झाली. ‘जरी’ ज्याला लागते ती कबुली, मग ती कुठेही बसो.

कबुली आणि विरोधकाचे मत यांत फरक कसा करायचा?

मालक कोण, ते बघा. ‘काही जण म्हणतात की ठिबकमुळे उत्पादन घटते’ हे दुसऱ्याचे मत झाले. लेखकाने त्यावर अजून सही केलेली नाही. पुढे तो ‘हा समज चुकीचा आहे’ म्हणाला तर ते खोडलेले मत. पुढे तो ‘क्षाराने ड्रिपर चोंदले की घटते, हे बरोबर, पण वेळच्या वेळी ॲसिड ट्रीटमेंट केली की प्रश्न राहत नाही’ म्हणाला, तर मताचा एक तुकडा मान्य झाला आणि बाकीचा नाही. अशा अर्धवट कबुलीवरच अवघड प्रश्न बेततात. पर्यायात ‘लेखक विरोधकांचे म्हणणे मान्य करतो’ असेल तर तो जास्त बोलतो, ‘फेटाळतो’ असेल तर तोही जास्त बोलतो. ‘मर्यादित अर्थाने मान्य करतो’ असे काही शोधा.

अजून एक बारीक भेद आहे. कबुलीत लेखक वस्तुस्थितीशी भांडत नाही, तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी भांडतो. रोप महाग आहे हे मान्य. ‘महाग आहे म्हणून नको’ हे अमान्य.

लेखक मुळात कबुली देतोच कशाला? गप्प बसला तर काय बिघडते?

ऐकणाऱ्याच्या मनात जो आक्षेप येणारच आहे, तो आधी आपण काढला तर त्याची धार जाते, हे पहिले कारण आणि सर्वांना माहीत असलेले. पण तर्काच्या दृष्टीने दोन कारणे त्याहून मोलाची आहेत.

कबुलीने वाद कशावर नाही हे ठरते. शेजाऱ्याशी बांधावरून तंटा आहे. ‘मोजणी झाली हे मान्य, खुणा रोवल्या हेही मान्य, पण बांध आम्ही कोरला नाही’ म्हटले की मोजणीच्या कागदांवर तास घालवायची गरज उरत नाही. वाद एका प्रश्नावर येतो.

दुसरे, कबुली निष्कर्षाला कात्री लावते. वरच्या केळीच्या उताऱ्यात निष्कर्ष ‘सर्वांनी टिश्यूकल्चर लावावे’ असा नाही, ‘ज्याला एकदम ट्रक भरायचा आहे त्याने’ असा आहे. खर्चाची कबुली दिल्यावर लेखकाला सर्वांबद्दल बोलताच येत नाही. ५ × ५ फुटांवर एकरी सुमारे १,७४० रोपे बसतात. रोपामागे १० रुपये जादा धरले तर एकरी १७,४०० रुपये होतात. हा फरक एकगठ्ठा कापणीतून भरून निघणाऱ्यालाच सल्ला लागू पडतो. प्रश्न कधीकधी असाच विचारतात: ‘या विधानामुळे निष्कर्षाची व्याप्ती कशी बदलते?’

कबुली दिली म्हणजे युक्तिवाद कमजोर झाला ना?

नाही, आणि यावर एक ठरलेला सापळा असतो. ‘खालीलपैकी कोणते विधान युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करते?’ या प्रश्नात एक पर्याय कबुलीच वेगळ्या शब्दांत सांगतो: ‘टिश्यूकल्चरच्या रोपांना जास्त भांडवल लागते.’ लेखकाने ते आधीच हिशेबात धरले आहे, तेव्हा त्याने नवे काहीच होत नाही. खरा घाव ‘महाग असले तरी परवडते’ या न बोललेल्या दुव्यावर बसायला हवा. ‘एकगठ्ठा कापणीचा माल एकाच आठवड्यात बाजारात आला की भाव पडतो आणि जादा खर्च निघत नाही’, हा पर्याय युक्तिवाद हलवतो.

मग कबुलीने युक्तिवाद बुडतो केव्हा?

कबूल केलेल्या गोष्टीवरच आपले आधारविधान उभे असते तेव्हा. हे ऐका: ‘पाटाचे आवर्तन टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोहोचत नाही, हे मान्य. तरी टेलच्या शेतकऱ्यानेही पूर्ण पाणीपट्टी भरावी, कारण पाण्याचा लाभ त्याला मिळतोच.’ वाक्याला लय आहे, ‘मान्य–तरी’ आहे, ऐकताना खटकतही नाही. पण पाणी पोहोचत नसेल तर लाभ कसला? कबुलीने कारणच गिळले. कुणाला हा निष्कर्ष वाचवायचाच असेल तर कारण बदलावे लागेल, जसे की पाटाच्या पाझराने टेलच्या विहिरी भरतात. ते खरे आहे का, हा पुढचा वाद.

न्यायशास्त्रात (कायद्यात नव्हे, प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात) याच्या जवळचा एक दोष निग्रहस्थान म्हणून, म्हणजे वाद हरल्याची खूण म्हणून, सांगितला आहे. त्याचे नाव मतानुज्ञा. आपल्या पक्षावरचा दोष न काढता ‘तुमच्याकडेही तोच आहे’ म्हणणे. ‘तुमचा काटा मारतो.’ ‘तुमचाही मारतो की!’ या उत्तरात स्वतःचा काटा मारतो हे कबूल झाले, आणि त्याची बाजू सावरणारे काहीच आले नाही. समोरच्याला गप्प केल्याचा आनंद मिळतो, पण न्यायाच्या नियमाने हार बोलणाऱ्याचीच. वादविवाद स्पर्धेत टाळ्या याच उत्तराला पडतात, हा भाग वेगळा.

‘तुष्यतु दुर्जन’ न्यायाने मान्य करणे ही कबुलीच का?

‘तुष्यतु दुर्जन’ म्हणजे ‘दुर्जनाचेही समाधान होवो’. ही दिसते कबुलीसारखी, असते वेगळी. तिथे वक्ता म्हणतो: ‘घटकाभर तुमचेच खरे धरू, तरीही तुमचा निष्कर्ष निघत नाही.’ तो मानत नाही, धरून चालतो. न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, सिद्धांताचे चार प्रकार आहेत, त्यातला अभ्युपगम सिद्धांत याच जातीचा: न तपासता तात्पुरते मान्य करून पुढच्या विशेषाची परीक्षा करणे. परीक्षेत खूण सोपी आहे. ‘समजा’, ‘धरून चालू’, ‘क्षणभर मानले तरी’ अशा शब्दांनी आले तर ‘लेखक हे सत्य मानतो’ हा पर्याय खोडा.

ज्यांना हे मुळातून शिकायचे आहे त्यांना लांब जायला नको. प्रतापशेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे केले ते अशाच अभ्यासासाठी.

कोर्टातली कबुली आणि ही एकच का?

एक समजू नका. युक्तिवादातली कबुली वक्ता आपल्या फायद्यासाठी देतो, हवी तेवढीच. कोर्टात मान्य केलेली गोष्ट समोरच्याला सिद्ध करावी लागत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ५८ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तरतूद कायम आहे. शिवाय दिवाणी दाव्यात वादपत्रातले विधान कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) स्पष्टपणे नाकारले नाही, तर ते मान्य केले असे सामान्यतः धरले जाते. म्हणजे तिथे गप्प राहणेही कबुली ठरते. उताऱ्याच्या प्रश्नात तसे कधीच नसते: लेखक ज्यावर बोलला नाही ते त्याला मान्य आहे, असा पर्याय चूकच. आणि ‘कबुलीजबाब’ हा फौजदारीतला शब्द आहे, तो इथे वापरू नका.

पर्याय वाचताना काय पाहायचे?

क्रियापद. ‘खोडून काढतो’, ‘सिद्ध करतो’, ‘पुष्टी देतो’, ‘मान्य करतो पण निर्णायक मानत नाही’ यांत उत्तर लपलेले असते. कबुलीचे बरोबर वर्णन दोन भागांचे हवे: मान्य केले, आणि तरी निष्कर्षाला बाधा येऊ दिली नाही. एकच भाग सांगणारा पर्याय अर्धा. पहिला भाग अचूक आणि दुसऱ्यात हळूच ‘निष्कर्षाचा आधार’ घातलेला, हा सर्वांत घातक, कारण वाचणारा पहिल्या भागावरच खूश होऊन खूण करतो. क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकीला पाव गुण जातो, तेव्हा पर्याय मागून पुढे वाचायची सवय लावा: आधी दुसरा भाग.

स्वतः निबंध किंवा भाषण लिहिताना कबुली किती आणि कुठे द्यावी?

पाच मिनिटांच्या भाषणात एक, फार तर दोन. समोरच्याचा सर्वांत जोरदार मुद्दा निवडा. मुळमुळीत मुद्दा मान्य करून उदारपणा दाखवला की परीक्षकाला ते कळते. कबुली एका वाक्यात संपवा आणि उत्तर लगेच पुढच्याच वाक्यात द्या. मध्ये परिच्छेद तुटला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आक्षेप घर करतो. उत्तर आक्षेपालाच भिडले पाहिजे: खर्चाची कबुली दिली तर उत्तरात पैशांचा हिशेब हवा, ‘पण रोपे निरोगी असतात’ म्हणून विषय बदलायचा नाही. भाषणाचा शेवट कबुलीवर करू नका, शेवटचे ऐकलेलेच लोक घरी नेतात.

सरावाला एक उतारा द्या.

(१) मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावली तर शेत लवकर मोकळे होऊन रब्बीला वेळ मिळतो, असे बागायतदार म्हणतात. (२) त्यात खोटे काही नाही. (३) पण या कपाशीला पाते-फुले लवकर लागतात, आणि कोषातून निघालेल्या गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पतंगांना ती आयतीच सापडते. (४) तिथे वाढलेली पुढची पिढी मग उशिरा लावलेल्या कोरडवाहू कपाशीवर उतरते. (५) तेव्हा शिवारातल्या सगळ्यांचा विचार केला तर लागवड जूनमध्येच व्हायला हवी. (६) अर्थात, ज्या शिवारात कोरडवाहू कपाशी नाहीच, तिथे ही अडचण एवढी तीव्र नाही.

निष्कर्ष (५), शेवटचे वाक्य नव्हे. (३) आणि (४) मिळून त्याचा आधार: एक सुटले तरी साखळी तुटते, म्हणून आकृतीत दोन्हींना जोडून एकच बाण काढा. (६) ही व्याप्तीला कात्री लावणारी कबुली. (१) वाचताना दुसऱ्याचे मत वाटते, पण (२) मध्ये लेखकाने त्यावर सही केली, म्हणून (१) आणि (२) मिळून कबुली झाली. ‘लेखक बागायतदारांचे म्हणणे खोडतो’ हा पर्याय चूक, कारण रब्बीला वेळ मिळतो हे त्याने कुठेच नाकारलेले नाही. आता (२) वर बोट ठेवून उतारा पुन्हा वाचा. चारच शब्द झाकले गेले, पण (१) परत नुसते बागायतदारांचे मत झाले, आणि लेखकाला ते मान्य आहे की नाही हे उताऱ्यातून सांगता येत नाही.